मशीनची खंडेनवमी

माझी आई म्हणायची, ही पोरगी चपला घालूनच जन्मली. बसायला पाट दिला तर मी त्याच्या कडेवर टेकायची आणि जेवताना एक पाय दाराकडे असायचा. पायाला भिंगरी म्हणतात ती माझ्या दोन्ही पायांना होती, आणि पुढे धंदाही असा निवडला की ती थांबूच नये. नांदेडला माझं छोटंसं ऑफिस आहे. नांदेड-लातूर पट्ट्यातल्या लहानसहान धंद्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. हदगावची एक कापसाची जिनिंग, उमरीचं बी-बियाण्याचं दुकान, शिरूर अनंतपाळची एक डाळमिल, लातुरातला एक भरतकामाचा कारखाना, अशी माझी गिऱ्हाइकं. यातल्या कुणाकडेही पगारी कॉम्प्युटरवाला नाही. सगळ्यांची मिळून मी एक.

बाबा पाटबंधारे खात्यात एकाच खुर्चीवर बसून निवृत्त झाले. मुलीलाही तशीच पर्मनंट खुर्ची मिळावी एवढंच त्यांचं मागणं होतं. मी त्यांना सांगायची, बाबा, मला खुर्ची दिली तर मी तिची चाकंच झिजवीन. त्यांना ते कधी हसण्यासारखं वाटलं नाही.

या धंद्यात माणूस शांत राहूच शकत नाही, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मी आधीच तशी होते, धंद्याने नुसतं निमित्त दिलं. लाइट गेली की यूपीएस कुई कुई करतो ना, तो आवाज मला लग्नाच्या मांडवातही ऐकू येतो. कुणाचा तरी मोबाइल वाजतो, मी दचकते. आभाळ भरून आलं की लोकांना भजी आठवतात, मला हदगावच्या जिनिंगचं अर्थिंग आठवतं. जुन्या मशीन तर मला झोपेत दिसतात. कुठली आज ना उद्या बसणार, कुठलीचा पंखा घरघरतोय, कुठली नुसती देवाच्या भरवशावर चालू आहे.

म्हणून गेली काही वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे एकच लकडा लावलाय. तुमच्याकडे चार कामांना चार जुने डबे आहेत. एक बिलाचा, एक मालाचा, एक कॅमेऱ्यांचा, एक असाच कुणी जाऊ दिला नाही म्हणून राहिलेला. चौघांना चार यूपीएस, चार पंखे, चौघांची धूळ वेगळी आणि रुसवेफुगवे वेगळे. त्यापेक्षा एक दणकट सर्व्हर घ्या आणि त्याच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीन मांडा. घर एक, बिऱ्हाडं चार. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी. एकाच्या घरात भांडण झालं तर दुसऱ्याची भाकरी करपत नाही.

हदगावच्या मालकांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे बाई, एक घर पडलं की चारी बिऱ्हाडं रस्त्यावर म्हना."

मी चिडले. चिडण्यासारखंच होतं, कारण शंका बरोबर होती. मग मी त्यांना पुढचं सांगितलं. यातलं प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे शेवटी एक मोठी फाइल असते. तिची रोज नक्कल करून दुसऱ्या जागी ठेवायची. घर पडलंच तर ते बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसकट दुसऱ्या घरात त्याच दिवशी मांडता येतं. आज तुमचा एक डबा गेला तर नवा डबा आणा, त्यावर सगळं पहिल्यापासून घाला, जुना प्रोग्रॅम नव्यावर चालत नाही म्हणून त्याला शिव्या घाला, यात आठवडा जातो आणि हंगामात तुम्हाला आठवडा परवडत नाही.

"बाई बोलत्यात लई," ते मुनीमजींकडे वळून म्हणाले, आणि त्यांनी होकार दिला.

असे होकार मी एकेक करून मिळवले. लातूरच्या कारखान्याचा होकार मात्र अर्धाच मिळाला होता, आणि तो उरलेला अर्धा मला दिवसरात्र कुरतडत होता.

लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बाजूला हा कारखाना आहे. खाली भरतकामाच्या मोठ्या मशीन. एकेका मशीनला सुयांची अनेक डोकी, आणि सगळी डोकी एकदम एकच फूल काढतात. आवाज असा की बोलायचं तर कानात बोलावं लागतं. वर जिन्याला लागून एक छोटी खोली, आणि त्या खोलीत चाचा. कारखाना त्यांनीच उभा केला. आता कारभार त्यांची मुलगी बघते. ती माझ्याहून बरीच धाकटी आहे, पण सगळा कारखाना तिला आपा म्हणतो म्हणून मीही आपाच म्हणते.

चाचा डिझाइन पंच करतात. पंच करायचं म्हणजे चित्रातल्या रेघेरेघेला टाके ठरवून द्यायचे. कुठून सुई शिरेल, कुठे वळेल, कुठे दोरा तुटेल. ते सांगितल्याशिवाय खालची मशीन नुसती लोखंड आहे. शेरवानीचे गळे, शाळांचे बिल्ले, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात चढवायचे रुमाले, सगळं याच खोलीतून निघतं. आमच्या वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीत जो मोठा निळा झेंडा पुढे असतो, त्याच्यावरचं सोनेरी धम्मचक्र चाचांनी पंच केलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मी त्या चक्राखालून नाचले होते.

हे सगळं काम ज्या मशीनवर व्हायचं ती माझी डोकेदुखी. बाकी तीन कामं आपाने नव्या सर्व्हरवर केव्हाच घेऊ दिली होती. बिलं, कॅमेरे आणि खालच्या मशीनना डिझाइन पाठवायचं काम. चाचांची मशीन तेवढी राहिली. ती इतकी जुनी होती की तिचा पंचिंगचा प्रोग्रॅम आताच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चालत नव्हता. तो बनवणारी कंपनी कधीच उठून गेली. प्रोग्रॅमला एक छोटी चावी लागायची, पेनड्राइव्हसारखी मागे खोचलेली. ती नसेल तर तो उघडायचाच नाही. पडदा पिवळा पडलेला. त्यावरची आयकॉनची चित्रं अशी वेडीवाकडी मांडलेली की बघून माझे हात शिवशिवायचे. आणि कोपऱ्यातलं घड्याळ पुढे. सगळ्या कारखान्याला ते माहीत होतं. चाचा वरून ओरडले की छुट्टी झाली, तर कारागीर मनात वजाबाकी करून थोडं थांबून उठायचे. आतला सेल उतरला असेल, असं मी धरून चालले होते.

चाचांचे डोळे साखरेने गेलेत. अगदी पूर्ण नाही. ते चित्र इतकं मोठं करतात की गुलाबाची एक पाकळी पडदाभर होते, मग तिच्या कडेवर टाके घालत जातात. बाकी काहीच वाचत नाहीत. कुठलं बटण कुठे आहे ते हाताला पाठ आहे. नाक पडद्याला लावून ते फक्त कोपऱ्यातलं घड्याळ वाचतात.

मध्ये आपाने नवा प्रोग्रॅम आणून बघितला होता. चांगला होता, पण सगळी बटणं भलतीकडे. चाचा दुपारभर त्याच्यापुढे बसले, मग उठून घरी गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. कितीतरी दिवस आलेच नाहीत. त्या आठवणीने आपाचा आवाज अजून बारीक होतो.

"बाई, ही मशीन गेली ना, तर अब्बा पुन्हा उठायचे न्हाईत," ती मला म्हणाली. "दिसतं म्हणून ते काम करत न्हाईत. काम करतात म्हणून त्यांना दिसतंय."

आणि दसरा जवळ आला होता.

इथे खंडेनवमीचं सांगायला पाहिजे. चाचा पोरवयात एका शिंप्याच्या दुकानात शिकले. त्या उस्तादांचा नियम असा की खंडेनवमीला कात्री, टेप, मशीन सगळं पुसून पाटावर ठेवायचं, पूजा करायची आणि दिवसभर सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही. हत्याराला वर्षातून एक सुट्टी. चाचांनी स्वतःचा कारखाना काढला तेव्हा नियम सोबत आणला. पूजा कारागीर करतात. चाचा इस्त्रीचा सदरा घालून बाजूला उभे राहतात आणि पेढे वाटतात. पण बंद म्हणजे बंद. खालच्या मशीन बंद, पंखे बंद, आणि वरची मशीनही, जी बाकीचं वर्ष रात्रंदिवस चालू असते.

म्हातारी डिस्क फिरत असते तोवर फिरते. एकदा थंड झाली की पुन्हा उठेल याचा भरवसा नाही. मागच्या नवमीनंतर ती दुपारपर्यंत उठली नव्हती. चाचा तिच्या डब्यावर थापट्या मारत बसले होते, आणि कशी कोण जाणे, उठली. यंदा ती उठणार नाही हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

मी जाऊन चाचांना सरळ सांगितलं, "चाचा, औंदा हिला बंद करू नका."

"का म्हून?"

"पुन्हा उठणार नाही. आतली डिस्क म्हातारी झालीय."

"मी बी म्हातारा झालो. रोज निजतो, रोज उठतो."

"तुमच्या पोटात डिस्क नाही."

"काय सांगावं," ते म्हणाले. "पर नवमीला बंद म्हंजे बंद. उस्तादाला जबान दिलेली हाय."

मला राग आला, हसूही आलं. आम्ही बौद्ध. आमच्या घरी हत्यारांची पूजा नाही. दसऱ्याला आम्ही विहारात जातो. एका मुसलमान म्हाताऱ्याने खंडेनवमीसाठी हटून बसावं आणि त्या पूजेत मशीन मरेल म्हणून तळमळायचं काम माझ्याकडे यावं, हे लातुरातच होऊ जाणे.

शेवटी मी पाया पडायचीच तेवढी राहिले. म्हटलं, डबा उघडत नाही, स्क्रूला हात लावत नाही, तुमचं काम थांबवत नाही. तुम्ही काम करत राहा. मी ती आहे तशी अख्खी उचलून नव्या सर्व्हरमध्ये चौथं बिऱ्हाड मांडते. तीच चित्रं, त्याच जागी, तोच प्रोग्रॅम. नवीन काही शिकायचं नाही.

"आन् ही?"

"हीपण राहील. नवमीला हिला बंद करा, खुशाल."

ते खूप वेळ पाकळीच्या कडेवर टाके घालत राहिले. मग म्हणाले, "करा. पर डब्याला हात लावायचा न्हाई म्हंजे न्हाई."

चालत्या मशीनची नक्कल करणं म्हणजे धावत्या माणसाचे कपडे शिवायला माप घेण्यासारखं आहे. पडद्याच्या एका कडेला, नक्कल किती झाली ते दाखवणारी हिरवी पट्टी सरकायला लागली. तिच्याकडे बघत बसवेना. मी जिना उतरले, चढले, खाली चहा घेतला, परत चढले. पट्टी होती तिथेच होती. 

"बसा की, बाई," चाचा म्हणाले. "तुमी फिरल्यानं ती पळंल व्हय?"

बसले. खुर्चीच्या कडेवर. लगेच उठले.

पट्टी निम्म्यापुढे जाऊन थांबली ती थांबलीच. डिस्कवर कुठेतरी खराब जागा होती. तिथे आलं की वाचणारा हात अडखळायचा आणि सगळं पहिल्यापासून. पुन्हा लावलं. तेवढ्यात उमरीहून फोन, दुकानात गिऱ्हाइकांची रांग आहे आणि बिल निघत नाही. आपाला पट्टीवर लक्ष ठेवायला सांगून मी नांदेडची बस धरली. लोह्याच्या पुढे सोयाबीनचा ट्रॅक्टर आडवा पडलेला, गाड्यांची रांग लागलेली. मी बसमधून उतरून रस्त्यावर येरझाऱ्या घालत आपाला फोन लावला.

"पट्टी कुठवर आली?"

"मघाच्याच जागी."

"हलतेय का?"

"न्हाई बाई. थांबून राहिली."

शेजारी उभ्या असलेल्या बाईने मला सीताफळ दिलं. म्हणाली, घरी कोन आजारी हाय का. मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार.

उमरीचं काम उरकून मी पुन्हा लातूर गाठलं. आता एकच उपाय होता. खराब जागा सोडून पुढे जायचं. तिथे काय असेल ते असेल. एखादा वेल असेल, एखादा गळा असेल, किंवा नुसती रिकामी जागा. चाचांना विचारायचं धाडस झालं नाही. मी पट्टीला पुढे ढकललं, आणि ती सरकत सरकत नवमीच्या आदल्या दुपारी दुसऱ्या टोकाला पोचली.

सर्व्हरवर ते नवं बिऱ्हाड सुरू करून बघितलं. उठलं. तीच वेडीवाकडी चित्रं. पण पंचिंगचा प्रोग्रॅम उघडून बघता येईना, कारण चावी एकच आणि ती चाचांच्या मशीनमागे. चाचा एका नवरदेवाच्या शेरवानीवर काम करत होते. चावी द्या म्हटलं तर त्यांनी नुसती मान हलवली. संध्याकाळी काम थांबल्यावर दिवसभराचे नवे टाके तेवढे मी नकलेत ओढून घेतले, चावी तेव्हाही मिळाली नाही. म्हणजे नक्कल झाली, पण ती खरंच कामाला उभी राहील का, हे नवमीच्या आधी कळायचं नव्हतं.

नवमीला सकाळी खालच्या मशीन थांबल्या आणि कारखान्यात पहिल्यांदाच मला रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू आले. कारागिरांनी मशीनना तेल दिलं, पुसल्या, झेंडूच्या माळा घातल्या. नारळ फुटला. एक कारागीर कुंकवाची मूठ घेऊन नव्या सर्व्हरकडे निघाला आणि मी ओरडले. पंख्यात कुंकू गेलं तर आतलं बोर्ड लाल होऊन बसेल. तो बिचारा थबकला. म्हणाला, मॅडम, तुम्ही लई तापट बगा. शेवटी सर्व्हर ठेवलेल्या कपाटाच्या दाराला बाहेरून कुंकवाचं एक बोट लावायचं ठरलं. त्याने एक बोट लावलं, माझ्याकडे बघून दुसरंही लावलं. या सर्व्हरला मात्र त्या दिवशीही चालू ठेवायची परवानगी आपाने मिळवली होती, कॅमेरे बंद नकोत म्हणून.

वर चाचांनी स्वतः आपली मशीन बंद केली. पडदा काळा झाला. त्यांनी चाचपडत मागची वायर काढली, गुंडाळून ठेवली आणि रुमालाने डबा पुसला. मी दारात उभी होते. हातातला पेढा मी तसाच पिशवीत टाकला.

दसऱ्याला मी नांदेडला विहारात होते. वंदना चालू होती. सगळे डोळे मिटून, ताठ बसलेले. मला शांत बसा म्हटलं की सगळ्यात जास्त अशांत वाटतं. माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे ती थंड डिस्क होती. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की माझा पाय हलत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लातूर. मी जिना चढले तेव्हा चाचा आधीच येऊन बसले होते. वायर लावलेली होती, माझी वाट बघून राहिले होते. त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. मग आतून आवाज आला, टक. थोडं थांबून पुन्हा टक. हा आवाज मी ओळखते. याच्यानंतर काही नसतं.

चाचांनी डब्यावर थाप मारली. "ऊठ की गं," ते म्हणाले. पुन्हा थाप. टक. 

थोड्या वेळाने त्यांनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. "चला. झालं मग." ते पायाने चपला शोधायला लागले. आपा दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा कुणी बघू नये.

"चाचा," मी म्हटलं, "चावी द्या."

त्यांनी डब्यामागे हात घातला, चाचपडायची गरजच पडली नाही. चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी ती खाली नेऊन सर्व्हरला लावली, ते चौथं बिऱ्हाड सुरू केलं आणि धावत वर आले. त्यांचाच पिवळा पडदा, त्यांचाच माउस मी एका छोट्या डबीला जोडला. डबी सर्व्हरशी बोलणार, एवढंच. पडदा उजळला. तीच चित्रं. चाचांचा हात सवयीने सरकला, नेहमीच्या जागी गेला, दोनदा दाबलं. प्रोग्रॅम उघडला. नवरदेवाची शेरवानी, पाकळी, अर्धवट राहिलेली कड, सगळं जिथल्या तिथे.

मी मोठ्याने हसले. आपाने पदराने तोंड झाकलं.

चाचा पुढे वाकले. नाक पडद्याच्या कोपऱ्याला लावलं. बघत राहिले. मग मागे सरले आणि म्हणाले, "ही माजी न्हाई."

"चाचा, तीच आहे. चित्रं बघा."

"हिचं घड्याळ बराबर हाय."

मला कळेना. मग कळलं, आणि माझंच डोकं फिरलं. बिलांवर वेळ चुकू नये म्हणून सर्व्हरने आपली वेळ चारही बिऱ्हाडांना द्यावी, असं मीच करून ठेवलं होतं. त्याचा मला अभिमान होता. मी जरा चिडूनच म्हणाले, "अहो चाचा, ही बरोबर वेळ आहे. जुनीचा सेल उतरला होता, म्हणून ती पुढे पळायची."

"सेल न्हाई," चाचा म्हणाले. "मी केलतं."

आपा म्हणाली, "काय केलतं, अब्बा?"

"तू साळंत होतीस. साळा सुटली की इथं येऊन बसायचीस, माज्या बाजूला, आन् सकाळी बी इथूनच जायचीस. रिक्षा गोलाईच्या कोपऱ्यावर यायचा. तू एक नंबरची सुस्त. रोज रिक्षा चुकवायचीस, रोज रडायचीस. घड्याळ तेवढं हेच बगायचीस. म्हून मी ते पुढं केलं." ते हसले. "मंग एकदा बी चुकला न्हाई."

आपा अगदी हळू म्हणाली, "मला वाटायचं, मशीन खराब हाय."

"वाटू दे म्हनलं."

"आन् माझी साळा संपल्यावर?"

चाचांनी खांदे उडवले. "राहू दिलं."

माझ्याने तिथे उभं राहवेना. मी खाली गेले, सर्व्हरपुढे बसले. तीन बिऱ्हाडांना वेळ देणं तसंच ठेवलं, चौथ्याचं तेवढं काढलं. एका घरात तीन घड्याळं बरोबर आणि एक आपलं वेगळं चालणारं, असं मांडता येतं, हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंच नव्हतं. 

वर येऊन म्हटलं, "चाचा, आता तुम्हीच लावा." त्यांनी नाक पडद्याला लावून घड्याळ पुढे नेलं. आपा त्यांच्या बाजूला येऊन बसली, तिथेच, जिथे बहुतेक ती शाळेतून येऊन बसत असेल. चाचांनी पाकळी पडदाभर केली आणि राहिलेल्या कडेवर टाके घालायला सुरुवात केली. खालून मशीनचा आवाज चढत होता.

मी चहा अर्धा प्यायले असेन. नजर कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली आणि दचकून उठले. नांदेडची बस! पिशवी खांद्याला लावली, चार्जर ओढून काढला, कप कुठे ठेवू कळेना.

चाचांनी मान वळवली नाही. हात पाकळीवरच होता.

"बस की, बेटी," ते म्हणाले. "अजून वेळ हाय."

मी पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीला पाठ टेकून बसले.